सुखरूप परत आलो, हा दाखला नव्हे

सह्याद्रीतल्या ट्रेक लीडरला प्रशिक्षण आणि परीक्षा हवी, असं कुणी म्हटलं की गिर्यारोहकांच्या बैठकीत ठरावीक उत्तरं येतात. डोंगर हाच गुरू, त्याला कागद कसला? आमच्या पिढीने कुठे प्रमाणपत्रं घेतली होती? वाट तर गावातला वाटाड्या दाखवतोच. ज्याला हवं त्याने उत्तरकाशीला जाऊन गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करावा. प्रमाणपत्रवाल्यांच्या हाताखालीही माणसं गेलीच ना? आणि शेवटी हुकमाचं पान : परीक्षा आली की सरकार आलं, आणि सरकार आलं की क्लब बुडाले.

ही उत्तरं देणारे लोक उथळ नाहीत. त्यांतल्या अनेकांनी पदरमोड करून दोन-दोन पिढ्यांना किल्ले दाखवले आहेत. म्हणून त्यांचा एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणं भाग आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. डोंगरात माणसं नेणं हे डोंगर चढण्यापेक्षा वेगळं काम आहे. ते येतं की नाही हे तपासता येतं. आणि जो अनोळखी माणसांची जबाबदारी अंगावर घेतो, त्याने ते तिऱ्हाइताकडून तपासून घेतलंच पाहिजे.

पहिला मुद्दा अनुभवाचा. अनुभवावाचून लीडर घडत नाही, हे मान्य. पण डोंगर हा फार मवाळ परीक्षक आहे. चुकीच्या निर्णयालाही तो बहुतेक वेळा पास करून सोडतो. जुलैत फुगलेल्या ओढ्यातून तीस जणांना हाताची साखळी करून पलीकडे नेलं आणि सगळे नीट पोहोचले, तर लीडरच्या मनावर काय ठसतं? असं नेता येतं, हेच. वरच्या पठारावरची सर त्या दिवशी अर्धा तास उशिरा आली, एवढंच खरं तर घडलेलं असतं. पुढच्या वर्षी तोच लीडर जास्त माणसं घेऊन, जास्त पाण्यात, जास्त खात्रीने उतरतो. अनुभव वाढतो तशी चूक मुरत जाते. आणि ज्या दिवशी डोंगर खरोखरच नापास करतो, त्या दिवशी निकाल बहुधा लीडरच्या नावावर लागत नाही. रांगेत मागे चालणाऱ्या, पहिल्यांदाच ट्रेकला आलेल्या कुणाच्या तरी नावावर तो लागतो.

अनुभव म्हणून जे सांगितलं जातं, तेही उलगडून पाहावं. ‘दोनशे ट्रेक केलेत’ म्हणणाऱ्याचे त्यातले किती एकाच राजमाचीचे, एकाच लोहगडाचे, मळलेल्या वाटेचे? किती वेळा तो दुसऱ्याच्या पाठीमागून चालत गेला? धुक्यात वाट हरवल्यावर स्वतः दिशा काढून माणसं खाली आणण्याची वेळ किती वेळा आली? हे प्रश्न खोडसाळ नाहीत. ब्रिटनमध्ये ‘माउंटन लीडर’ या पात्रतेसाठी सर्वांत आधी नेमकं हेच विचारतात. उमेदवाराने प्रत्येक डोंगरदिवसाची वहीत नोंद ठेवायची. प्रशिक्षणाला येण्याआधी असे किमान २० दिवस हवेत, मूल्यमापनाला बसण्याआधी किमान ४०. कुठला दिवस धरायचा त्याचे निकष ठरलेले आहेत : आखणीत स्वतःचा वाटा हवा, मुलूख ओळखीचा नसावा, चाल पाच तासांची किंवा जास्त हवी, खुणा केलेल्या वाटा सोडून स्वतः दिशा काढलेली हवी. मग सहा दिवसांचं प्रशिक्षण. नंतर काही काळ पुन्हा स्वतः डोंगरात फिरून अनुभव पक्का करायचा. मग पाच दिवसांचं मूल्यमापन, त्यात डोंगरातला मुक्काम आणि रात्रीचं दिशाशोधनही. शिवाय किमान १६ तासांचा प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम वेगळा. निकाल तीन प्रकारचे : उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, किंवा ‘अमुक भाग पक्का करून परत या’. बर्फाळ हिवाळ्यात माणसं न्यायची असतील तर आणखी निराळी पात्रता लागते. अनुभवाचा इतका मान ज्या परीक्षेत आहे तिला ‘कागदी’ म्हणणं सोपं नाही. आणि सह्याद्री लहान, त्याला एवढं कशाला, असं वाटत असेल तर आकडे पाहावेत. ब्रिटनचं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटरचं. आपली कळसूबाई १,६४६ मीटरची.

दुसरा मुद्दा जुन्या पिढीचा. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या गिरिविहारपासून पुढे जे क्लब उभे राहिले, त्यांतून उत्तम लीडर तयार झाले आणि त्यांच्या गळ्यात कुणी बिल्ला अडकवला नव्हता. पण म्हणून त्यांची परीक्षा झाली नव्हती का? क्लबात आलेला पोरगा आधी भांडी घासायचा, मग शेपटीला चालायचा, मग जाणत्या लीडरचा सहायक व्हायचा. दोन-तीन पावसाळे त्याला लोक पाहत असत : हा चिडतो का, घाबरलेल्याशी कसा बोलतो, पाणी सगळ्यांना पुरवतो की आधी स्वतः पितो, वाट चुकल्यावर कबूल करतो की रेटून नेतो. मग एके दिवशी कुणीतरी म्हणायचं, ‘पुढचा ट्रेक तू ने.’ हे मूल्यमापनच होतं, आणि कडक होतं. त्याचा कागद नव्हता, कारण गरज नव्हती. नेणारे आणि येणारे एकमेकांना ओळखत होते.

आज ती शिडी बहुतेक ठिकाणी मोडली आहे. शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून बस सुटते. आत चाळीस अनोळखी माणसं असतात. जाहिरात मोबाईलवर पाहिली, पैसे मोबाईलवर भरले, लीडरचं नाव बसमध्ये कळलं. लीडर अनेकदा असा विद्यार्थी, जो मागच्या मोसमात स्वतः त्याच बसमध्ये बसून आला होता. त्याला कुणी पारखलं? आयोजकाने, ज्याला शनिवारी माणूस कमी पडत होता. परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी खरं तर परीक्षेची मागणी सर्वांत आधी करायला हवी होती. कारण त्यांच्या परंपरेतली जी सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे जाणत्यांनी नवख्याला तपासणं, तीच बाजाराने गिळली आहे.

तिसरा मुद्दा वाटाड्याचा. ठाकर, महादेव कोळी, धनगर वस्तीतल्या माणसाला आपल्या डोंगराची जी जाण असते तिच्याशी शहरी लीडरची तुलनाच होत नाही. कुठल्या टाक्यात चैत्रापर्यंत पाणी टिकतं, कुठली घळ पावसात दगड सोडते, कुठल्या कड्याला यंदा आग्यामोहोळ बसलंय, हे त्याला न विचारता चढणारा शहाणा नव्हे. पण त्याच्या अंगावर आपण नक्की काय टाकतो? तो वाट दाखवायला आलेला असतो. दम्याचा पंप बसमध्ये विसरून आलेला पाहुणा, कड्याच्या टोकावर रील काढणारा गट, ‘पैसे भरलेत, वर गेलंच पाहिजे’ म्हणणारा गृहस्थ, यांना आवरणं त्याच्या मजुरीत ठरलेलं नसतं, आणि आयोजकाला तो ‘परत फिरा’ म्हणाला तरी कुणी ऐकेल याची हमी नसते. वाटाड्याचा खरा मान ठेवायचा तर त्याला लीडरची पात्रता मिळवण्याचा रस्ता खुला करावा. परीक्षा मराठीत असावी, लेखी कमी आणि डोंगरातली जास्त असावी, त्याच्याकडून शुल्क घेऊ नये. वहीतल्या डोंगरदिवसांचा आकडा त्याने गुरं राखताराखताच पार केलेला असतो; अनोळखी मुलखातले दिवस तेवढे जोडावे लागतील. प्रथमोपचार, गट सांभाळणं, मदत मागवणं एवढं शिकला तर तोच अव्वल लीडर ठरेल, आणि मोबदलाही लीडरचा मागू शकेल. त्याचं नाव पुढे करून परीक्षा टाळणारे त्याला मात्र वाटाड्याच्याच मजुरीवर ठेवतात.

चौथा मुद्दा बेसिकचा. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ ची. त्यांचा सुमारे चार आठवड्यांचा बेसिक कोर्स उत्तमच आहे. पण तो काय शिकवतो? दोर, गाठी, कातळ, बर्फ, हिमनदी, उंचीची सवय. मोहिमेतला चांगला सदस्य त्यातून घडतो. दुसऱ्यांना शिकवायचं असेल तर याच संस्था पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स आणि त्यानंतर ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ असा स्वतंत्र कोर्स करायला लावतात. म्हणजे स्वतः चढता येणं आणि दुसऱ्याला सांभाळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या संस्थांनाच मान्य आहे. आपण मात्र बेसिकचा ‘ए’ ग्रेड दाखवणाऱ्याच्या हाती भर पावसात पन्नास माणसं देतो. पट्टीचा पोहणारा आणि जीवरक्षक यांत जो फरक आहे, तोच इथे आहे.

शिवाय सह्याद्रीतले धोके हिमालयाच्या अभ्यासक्रमात कुठून येणार? तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ ला वणव्यात सापडून वीसहून अधिक ट्रेकर दगावले. आपल्याकडेही फाल्गुनात पठारंच्या पठारं तशीच वाळलेली असतात. वाऱ्याची दिशा पाहून गट कुठे न्यायचा, कुठे मुळीच न्यायचा नाही, हे हिमनदीवर कुऱ्हाड रोवायला शिकून कळत नाही.

पाचवा मुद्दा सर्वांत वजनदार : प्रमाणपत्र असूनही माणसं गेली. होय, गेली. नोव्हेंबर १९७१ मध्ये स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पठारावर एडिनबराच्या एका शाळेचा गट हिमवादळात सापडला. पाच विद्यार्थी आणि अठरा वर्षांची एक साहाय्यिका, असे सहा जण मेले. ब्रिटनच्या डोंगरांतली ती सर्वांत भीषण दुर्घटना मानली जाते. सहलीच्या प्रमुखाकडे तेव्हाचं लीडरशिपचं प्रमाणपत्र होतं. त्या प्रमाणपत्राची सुरुवात १९६४ ची. त्यानंतर तिथल्या गिर्यारोहकांतही हाच वाद पेटला. कागदामुळे खोटा आत्मविश्वास येतो, हा आक्षेप तिकडच्या नामवंत गिर्यारोहकांनीही घेतला. एव्हरेस्टच्या १९५३ च्या मोहिमेचे नेते जॉन हंट यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९७५ मध्ये तिचा अहवाल आला.

पण त्या अपघातात नेमकं काय चुकलं होतं? गटाचे दोन भाग केले होते. कणखर मुलं प्रमुखाबरोबर गेली आणि तुलनेने नवखी मुलं वीस वर्षांच्या तरुण लीडरकडे दिली गेली. मुक्कामाचं ठिकाण ठरलं होतं उघड्या पठारावरच्या एका छोट्या निवाऱ्यात, तेही हिवाळ्याच्या तोंडावर. दोर सुटला नव्हता, गाठ उकलली नव्हती. कुणाला कुणाबरोबर पाठवायचं, कुठवर जायचं, केव्हा परत फिरायचं, इथे घात झाला. म्हणजे दुखणं होतं ते निर्णयशक्तीचं. मग त्यावरचा उपाय निर्णयशक्ती जास्त कसून तपासणं हा, की तपासणंच बंद करणं हा? ब्रिटनने पहिला मार्ग धरला; वही, दोन टप्पे, ‘परत या’ म्हणणारा निकाल हे सगळं आजही त्याच मार्गावरचं आहे. परीक्षेने डोंगर निर्धोक होत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा शिखरावरच्या हिमस्खलनाने उत्तरकाशीच्या संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षकही नेले. धोका उरणारच. परीक्षेने एवढंच साधतं की त्यात लीडरच्या अडाणीपणाची भर पडत नाही, आणि तेवढं पुरेसं कारण आहे.

सहावा मुद्दा सरकारचा, आणि इथे विरोधकांची भीती निराधार नाही. साहसी उपक्रमांसाठी राज्य शासनाने २०१८ मध्ये काढलेल्या सुरक्षा नियमावलीवर गिर्यारोहण संस्थांनी जोरदार आक्षेप घेतले. ऑगस्ट २०२१ मध्ये पर्यटन खात्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, त्यात आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था झाली. पण नोंदणी होते ती आयोजकाची. ओढ्याच्या काठावर उभा राहून ‘थांबा’ की ‘चला’ हे ठरवणाऱ्या माणसाची पारख करायला डोंगरातलाच माणूस लागतो, ते टेबलामागे बसून होत नाही. परीक्षा म्हणजे सरकार हे समीकरण मात्र चूक आहे. ब्रिटनमध्ये प्रौढांना डोंगरात नेण्यासाठी माउंटन लीडर असलंच पाहिजे असा कायदा नाही. ती पात्रता गिर्यारोहणाच्या संस्थांनीच उभारली आणि त्याच चालवतात. कायदा आला तो मुलांसाठी आणि अपघातानंतर : मार्च १९९३ मध्ये लाइम उपसागरात कयाकिंगला नेलेले चार विद्यार्थी बुडाले, आणि १९९५ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना पैसे घेऊन साहसी उपक्रम देणाऱ्या केंद्रांसाठी परवान्याचा कायदा झाला. यातून शिकायचं ते हे की जे काम संस्था वेळेवर करत नाहीत ते सरकार अपघातानंतर घाईघाईत करतं, आणि मग त्याचे नियम कुणालाच आवडत नाहीत. सरकार नको असेल तर परीक्षा आपण घ्यायला हवी.

सह्याद्रीची परीक्षा कशी असावी? ती ब्रिटनची नक्कल असून चालणार नाही. ती आपल्या कातळातून आणि आपल्या पावसातून निघायला हवी.

नकाशाचंच बघा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये साधारण २० मीटर उंची असते. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला, पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर. दहा-पंधरा मीटरचा ताशीव कातळटप्पा त्या दोन रेषांच्या मधे बेमालूम लपू शकतो. मोबाईलवरची रेषा सांगते सोंडेने उतर, आणि सोंड अचानक हवेत संपते. उमेदवाराला धुक्यात, मोबाईल काढून घेऊन, नकाशा आणि होकायंत्रावर अनोळखी सोंडेवर सोडावं. तो पुढे रेटतो की मागे फिरून खात्रीची जागा गाठतो, हे पाहावं.

पाण्याचंही तसंच. घाटमाथ्यावरचे ओढे लहान, आजूबाजूला उघडा कातळ. सर आली की काही मिनिटांत लोंढा येतो आणि पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत ओसरतो. म्हणून ओढ्याशी लीडरचं सर्वांत मोठं कौशल्य म्हणजे बसून राहणं. चाळीस भिजलेली, कुरकुरणारी माणसं घेऊन दोन तास काठावर थांबायचं, त्यांना ऊब द्यायची, खायला घालायचं, शेवटची लोकल चुकेल हे सांगायचं, आणि तरी हलायचं नाही. दोर बांधून पार करण्याचं प्रात्यक्षिक सगळे दाखवतील. न पार करण्याची परीक्षा घ्यावी.

मग ऊन. एप्रिलच्या दुपारी उघड्या माळावर एकाचं बोलणं अडखळायला लागलं, तर ते थकवा आहे की उष्माघात, हे किती वेळात ओळखलं? सावली नाही, मग अंग थंड कशाने केलं? फुरसं चावलं तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, अवयव हलू द्यायचा नाही, हे पाठ असणं सोपं आहे. प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं आणि तिथवर पोहोचायला किती वेळ, हे निघण्याआधीच वहीत लिहिलेलं आहे का? आग्यामोहोळ उठलं तर गट कुठल्या बाजूला पळवायचा, हे चढताना पाहून ठेवलं होतं का? पाय मोडलेल्याला उचलायला माणसं किती लागतील, आणि बाकीच्यांना तोवर कोण सांभाळेल?

आणि माणसं. पायथ्याच्या गावात गुळगुळीत तळव्याचे बूट घालून आलेल्याला ‘तुम्ही वर येणार नाही’ असं सांगता येतं का? दर खिंडीत डोकी मोजली जातात का? शेपटीला ठेवलेला सहायक खरंच शेवटी चालतोय का? परीक्षकाने मुद्दाम आयोजक बनून फोन करावा : ‘शिखर झालं नाही तर लोक पैसे परत मागतील, काहीतरी कर.’ जो उमेदवार त्या फोनपुढे वाकतो, त्याला कातळावर कितीही सफाई असली तरी ‘परत या’ हाच निकाल द्यावा.

हे सगळं करायला पैसा आणि माणसं कुठून येणार, हा शेवटचा रास्त प्रश्न. माणसं आहेत. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स यांसारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री दरीत उतरून लोकांना बाहेर काढतात. लीडर कुठे चुकतात हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या छताखाली अनेक संस्था आहेत. पुण्याच्या गार्डियन गिरिप्रेमी संस्थेसारख्या ठिकाणी शिकवण्याची घडी बसलेली आहे. एका क्लबाच्या उमेदवाराला दुसऱ्या दोन क्लबांच्या जाणत्यांनी तपासायचं, शिकवणारा वेगळा आणि निकाल देणारा वेगळा, एवढी शिस्त पाळली तर सुरुवातीला इमारतही लागत नाही. खर्च धंदेवाईक आयोजकांनी उचलावा, कारण पात्र लीडर नसल्याचा नफा आज तेच खातात. हौशी क्लबांना आणि गावकऱ्यांना तो माफ असावा. आपल्याच मित्रमंडळींसोबत फिरणाऱ्यांना यातलं काहीही लागू नसावं. स्वतःच्या जबाबदारीवर डोंगरात जाण्याचं स्वातंत्र्य हा या छंदाचा आत्मा आहे, आणि त्याला हात लावणाऱ्या कुठल्याही नियमाच्या विरोधात मीही उभा राहीन.

पण पैसे घेऊन, जाहिरात करून, अनोळखी माणसं जमवली की ते स्वातंत्र्य संपतं आणि उत्तरदायित्व सुरू होतं. तिथे ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे उत्तर चालत नाही. ट्रेकला मुलांना पाठवणाऱ्या पालकांनी आयोजकाला तीन प्रश्न विचारावेत : लीडर कोण, त्याची वही कुठे, आणि तुमच्या पगाराबाहेरच्या कुणी त्याला तपासलं? उत्तर मिळालं नाही तर पैसे भरू नयेत. आणि जुन्या क्लबांनी हा वाद प्रमाणपत्राभोवती फिरवणं थांबवावं. ज्यांना कागदाचं वावडं आहे त्यांनी कागद खुशाल देऊ नये. परीक्षा मात्र घ्यावी, आणि ती याच पावसाळ्यात सुरू करावी.